चारशेत पाणी होतं

सतरा मे, रविवार, सकाळी साडेआठ. बांधावरच्या कडुनिंबाखाली मी मेंढपाळाच्या हातावर सहा हजार सहाशे रुपये ठेवले. अकरा रात्रींचे, रात्रीला सहाशे. हजर होते ते असे: मी, माझे यजमान, मेंढपाळ, त्याची बायको, आणि बांधाच्या पलीकडे तारेपासून दहा पावलांवर आमचे शेजारी. शेजाऱ्यांना मी बोलावलं नव्हतं. पण रोज त्या वेळेला ते टोमॅटोसाठी नांगरून ठेवलेल्या आपल्या रानातून फेरी मारतात हे मला माहीत होतं आणि पैसे द्यायची वेळ मी त्यावरूनच ठरवली होती. नोटा मी मोठ्याने मोजल्या.

शहरातल्या वाचकांसाठी सांगते. आमच्या भागात मेंढपाळ उन्हाळ्यात कळप घेऊन फिरतात आणि शेतकरी त्यांना पैसे देऊन, वर धान्य देऊन, मेंढ्या रात्रीच्या आपल्या रिकाम्या रानात बसवून घेतात. तीनशे मेंढ्या रात्रभर जागेवर बसल्या की सकाळी जमीन लेंड्यांनी काळी झालेली असते. असं खत विकत घ्यायचं तर ट्रॉलीला चांगलेच पैसे पडतात. हा कळप गेली चार वर्षं मे महिन्यात शेजाऱ्यांकडे बसत होता. दर ठरलेला होता, रात्रीला चारशे. मी सहाशे देऊन तो माझ्या बाजूला ओढला. मला खताची गरज होती म्हणून नव्हे. माझी दीड एकर जागा आहे, त्यातली अर्धी घासाखाली. मला शेजाऱ्यांचं खत तोडायचं होतं.

ही जागा गिरणाऱ्याच्या अलीकडे आहे. मी पतसंस्थेत सव्वीस वर्षं कारकून होते. मुलगी नोकरीला बाहेरगावी गेल्यावर मी राजीनामा दिला आणि आम्ही नाशिकचा फ्लॅट भाड्याने देऊन इथे दोन खोल्यांत राहायला आलो. यजमान अजून अंबडच्या कारखान्यात आहेत, दोन वर्षं राहिलीत. जनावरांची हौस मुळात त्यांची. सुरुवातीला त्यांनी मोबाईलवर अल्पाका पाहिले, ते उंच मानेचे लोकरीचे परदेशी प्राणी, आणि आठवडाभर जेवताना दुसरा विषय नव्हता. शेवटी मी विचारलं, "त्याला आजार झाला तर गिरणाऱ्याचा डॉक्टर काय करणार, सेल्फी काढणार?" तेव्हा गाडी शेळ्यांवर आली. आज नऊ संगमनेरी शेळ्या आहेत, बावीस गावरान कोंबड्या, चार बदकं, आणि सहा ससे. ससे यजमानांनी मला न विचारता आणले. त्यांचा काहीही उपयोग नाही, पण ते आवाज करत नाहीत म्हणून मी त्यांना ठेवलं.

आता जानेवारीतलं सांगते. 

माझ्या भाचीचा साखरपुडा मालेगावला होता. शनिवारी पहाटे आम्ही दोघं निघालो, रविवारी दुपारी परत. जनावरांकडे बघायला पेठकडची एक बाई ठेवली होती. ती सकाळ-संध्याकाळ येणार होती. त्या वेळी एक शेळी व्यालेली होती आणि तिची दोन करडं दहा दिवसांची होती. शेळ्या दिवसा आवारात मोकळ्या असतात. करडं मात्र गोठ्यातल्या जाळीच्या खोपट्यात ठेवतो, कारण कुत्री येतात.

सकाळचं काम करून जाताना बाईकडून फाटकाची दोरी सैल बांधली गेली. दुपारी नऊच्या नऊ शेळ्या शेजाऱ्यांच्या द्राक्षबागेत शिरल्या. त्यांनी चौदा वेलींचा पाला आणि घड खाल्ले. ही चूक माझ्या बाजूची होती. मी ती कधी नाकारली नाही, आजही नाकारत नाही. शेजाऱ्यांनी शेळ्या हाकलल्या, गावात नेल्या आणि ग्रामपंचायतीच्या कोंडवाड्यात घातल्या. तसं करायचा त्यांना अधिकार आहे. मला फोन केला नाही. माझा नंबर त्यांच्याकडे आहे. आम्ही बोअर खणलं तेव्हा आमचं महिनाभर रोज बोलणं होत होतं.

संध्याकाळी बाई आली तर आवार रिकामं. तिला वाटलं, शेळ्या चोरीला गेल्या. ती घाबरून डोंगराच्या बाजूला शोधत गेली, अंधार पडल्यावर तिकडूनच घरी गेली. भीतीने मला फोन केला नाही. तिचा फोन आला तो रविवारी सकाळी, रडतच. तोपर्यंत करडं गेली होती. जानेवारीत आमच्याकडे पहाटे काय थंडी असते हे इथल्या माणसाला सांगायला नको. दहा दिवसांचं करडू आईच्या अंगाला लागून, तिचं दूध पिऊनच रात्र काढतं. मी पोचले तेव्हा दोघं खोपट्याच्या दाराशी एकमेकांवर पडलेली होती. जाळीच्या खालच्या तारेत एकाचं तोंड अडकलेलं होतं.

गावात विचारल्यावर शेळ्या कुठे आहेत आणि कोणी घातल्या ते कळलं. सोमवारी पंचायतीचं कार्यालय उघडल्यावर मी दंड भरला, शेळीमागे शंभर आणि चाऱ्याचे वीस. नऊ शेळ्यांचे एक हजार ऐंशी. व्यालेल्या शेळीची कास दगडासारखी झाली होती. तिथेच उकिडवी बसून मी ती रिकामी केली, सगळं दूध जमिनीवर. शिपाई बघत होता. तो म्हणाला, "ताई, भांडं तरी आणायचं." मग शेजाऱ्यांकडे गेले आणि चौदा वेलींचे तीन हजार त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ते घेतले. इथपर्यंत सगळं बरोबर होतं आणि इथपर्यंत मला त्यांचा रागही नव्हता, असं म्हणता येईल.

राग आठ दिवसांनी आला, पिठाच्या गिरणीत. शेजाऱ्यांची बायको माझ्या पुढे उभी होती. ती मनाने वाईट नाही, पण बोलताना थांबत नाही. गिरणीवाल्याच्या आईला ती सांगत होती की शेजारणीची करडं त्या रात्री असली ओरडत होती, असली ओरडत होती, की पहाटेपर्यंत आमच्या कोणाच्या डोळ्याला डोळा लागला नाही. मग तिने वळून मला पाहिलं आणि डबा उचलून दळण न दळताच निघाली.

त्यांच्या पडवीपासून माझ्या गोठ्यापर्यंत एकशे दहा पावलं आहेत. मी मोजली आहेत. करडांची आई कोंडवाड्यात कोणी घातली ते त्यांना माहीत होतं, कारण त्यांनीच घातली होती. आम्ही घरी नाही हेही दिसत होतं, आमच्याकडे दिवा नव्हता. एक पोतं टाकलं असतं त्या दोघांवर, तरी चाललं असतं.

मी त्यांच्या अंगणात गेले आणि सरळ विचारलं, करडं ओरडत होती ती ऐकू आली नाहीत का? ते म्हणाले, "रात्री पंप चालू होता वहिनी. पंपाच्या आवाजात काय ऐकू येणार?"

मी घरी येऊन भारनियमनाचा कागद काढला. आमच्या फीडरवर शेतीची वीज एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. त्या आठवड्यात दिवसाची पाळी होती. रात्री कोणाचाच पंप चालू शकत नव्हता. हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. तरी त्यांनी ते माझ्या तोंडावर सांगितलं, नजर न चुकवता.

त्या दिवसापासून मला त्यांच्याकडून एकच गोष्ट हवी होती. पैसे नकोत, माफी नको. "ऐकलं होतं," हे दोन शब्द त्यांच्या तोंडून. आणि ते मिळत नाहीत तोवर त्यांना सुखाने जगू द्यायचं नाही, असं मी ठरवलं. मी देवधर्म करणारी बाई आहे. पण हे ठरवताना मला काहीही वाटलं नाही, उलट त्या रात्री आठ-दहा दिवसांत पहिल्यांदा नीट झोप लागली.

फेब्रुवारी, मार्च, एप्रिल मी वाट पाहिली. त्यांनी बांधावर गवत जाळलं तर वाऱ्याची दिशा बघून तक्रार करायची, ट्रॅक्टर माझ्या हद्दीत वळवला तर फोटो काढायचे, असली किरकोळ कामं चालू होती. यजमान म्हणायचे की आता पुरे, शेजार आहे. मी म्हणायचे, शेजार आहे म्हणूनच. मग एप्रिलच्या शेवटी ऐकलं की मेंढपाळाचं बिऱ्हाड दिंडोरीच्या बाजूला आलंय. शेजाऱ्यांनी त्या पावसाळ्यात तीन एकर टोमॅटो लावायचं ठरवलं होतं आणि सगळा भरवसा त्या लेंड्यांवर ठेवला होता. मी यजमानांच्या स्कूटरवर मागे बसून मेंढपाळाला गाठायला गेले.

मेंढपाळ साठीचा, कमी बोलणारा. त्याने सांगितलं की त्याने शेजाऱ्यांना शब्द दिलाय. मी विचारलं, विसार घेतला आहे का? नाही म्हणाला. मी सहाशे सांगितले, आणि सगळे आगाऊ. पद्धत अशी की पैसे तळ उठताना देतात. आगाऊ ऐकल्यावर त्याने बायकोकडे बघितलं. तिने विचारलं, "अन् पान्याचं?" मी म्हटलं, बोअर आहे आमचं. तिने आणखी काही विचारलं नाही. मीही नाही.

सव्वीस वर्षं लोकांच्या बेरजा तपासल्या. हा एक साधा गुणाकार मी केला नाही.

पहिल्या दोन रात्री माझ्या आनंदाच्या होत्या. सकाळी चहा घेऊन मी बांधाशी उभी राहायची. माझ्याकडे लेंड्यांचा थर, पलीकडे ढेकळं. शेजारी एकदाही वर बघत नव्हते. कळप दिवसा मेंढपाळाबरोबर चरायला जायचा. आठ-पंधरा दिवसांची कोकरं मात्र तळावर असायची, सत्तावीस, त्यांच्या दोऱ्यांच्या जाळीत, आणि मेंढपाळाची बायको त्यांच्यापाशी. ओढा आटलेला. कळप संध्याकाळी परत आला की सगळं पाणी आमच्याकडून. उन्हाळ्यात एक मेंढी दिवसाला पाच लिटर तरी पिते. तीनशे मेंढ्यांचे झाले दीड हजार. माझं बोअर मे महिन्यात हजार लिटरची टाकी दिवसातून एकदा भरतं, त्यात माझं घर, शेळ्या, कोंबड्या आणि बदकं. तिसऱ्या दिवशी बोअरने हवा ओढली.

मी मेंढपाळाला म्हटलं, दर वर्षी पाण्याचं काय करता? त्याने बांधापलीकडच्या शेततळ्याकडे बोट केलं. म्हणाला, "त्यांच्या चारशेत पानी होतं, ताई."

मग त्याने सांगितलं, आदल्या दिवशी तो शेजाऱ्यांकडे जाऊन आला होता. त्यांनी उत्तर दिलं, मेंढ्या जिथे बसवल्या तिथे पाणी मागा. मला त्यांचा राग आला नाही. त्यांच्या जागी मीही तेच म्हटलं असतं.

चौथ्या दिवशी टँकर सांगितला. पाच हजार लिटर, पंधराशे रुपये. सकाळी अकरा वाजता टँकर आला, पण तो मुख्य रस्त्याने आला नाही, शेततळ्याच्या भरावावरून उतरून आला. मी ड्रायव्हरला विचारलं, पाणी कुठलं? तो म्हणाला, "मावशी, दहा किलोमीटरमध्ये हेच एक तळं भरलेलं हाय. पाचशे मालकाला, हजार मला." म्हणजे मी शेजाऱ्यांचं खत तोडण्यासाठी मेंढपाळाला पैसे देणार आणि त्याच मेंढ्यांच्या पाण्यासाठी शेजाऱ्यांना. मी टँकर परत पाठवला. फेरीचे म्हणून तीनशे दिले. धरणाच्या बाजूचे टँकरवाले लग्नसराईत अडकलेले होते, शनिवारच्या आत कोणी यायला तयार नव्हतं. त्या संध्याकाळी मेंढ्यांना निम्मंच पाणी मिळालं.

पाचवा दिवस गुरुवार. यजमान कामावर. उन्हामुळे मेंढपाळाने कळप बाराला परत आणला आणि तो सायकल घेऊन कुठे डबकं आहे का बघायला गेला. तळावर मेंढपाळाची बायको आणि मी. पाणी कमी पडलं की मेंढीचं दूध आटतं. कोकरं आयांना ढुसण्या देत होती, सोडत होती, पुन्हा ढुसण्या देत होती. मग ती ओरडायला लागली. सत्तावीस कोकरं. मी घरात गेले, दार लावलं, तरी ऐकू येत होतं. मी पुन्हा बाहेर आले.

मेंढपाळाच्या बायकोने कमरेची पिशवी काढून माझ्यासमोर नोटा मोजल्या. चार रात्रींचे चोवीसशे ठेवून घेतले, बाकीचे बेचाळीसशे पुढे केले. म्हणाली, आम्ही आज उठतो. कुठे जाणार ते तिने सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. मी पैसे घेतले नाहीत. म्हटलं, शनिवारी टँकर येतोय.

"शनिवारपावतर ही जगत्याल का?" ती म्हणाली. "तुम्हीच करडांचं सांगत होता मला. तोंड तारेत अडकलं होतं म्हणून. मग ही कोनाची हायत?"

मला आठवतंय, त्या क्षणीसुद्धा मी मनात शनिवारपर्यंतचे तास मोजत होते.

तेवढ्यात बांधावर शेजारी दिसले. खांद्यावर काळा पाइप, बनियन, पायात काही नाही. तारेशी उभे राहून ते म्हणाले, "वहिनी, पाइप टाकू का?"

"किती घेणार?"

"पाण्याचं काय घ्यायचं."

"मग नको."

मेंढपाळाच्या बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर खाली केली. पण शब्द मागे घेतला नाही. शेजारी जागचे हलले नाहीत. पाइप खाली ठेवला. म्हणाले, "पंप बिंप काही नव्हता त्या रात्री. ऐकलं होतं मी. पहाटेपर्यंत. आता हे परत ऐकवत नाही."

चार महिने मी या वाक्याची वाट पाहिली होती. मनात ते मी पंचायतीसमोर ऐकलं होतं, गिरणीत ऐकलं होतं, त्यांच्या बायकोच्या देखत ऐकलं होतं. प्रत्यक्षात ऐकायला मी आणि मेंढपाळाची बायको, दोघीच. मी विचारलं, "मग उठला का नाहीत?"

"राग होता वेलींचा. वाटलं, तुमची बाई येईल. मग वाटलं, आता गेलो तर आपणच शेळ्या नेल्या हे बोलायला लागेल तिच्याशी. अन् थंडी होती." मग म्हणाले, "हे पाणी त्यात धरा वहिनी."

"त्यात काही धरायचं नाही," मी म्हटलं. "ते कशातही वळतं करायचं नाही. टँकरवाल्याकडून पाचशे घेता ना, त्याच हिशोबाने हजार लिटरला शंभर. मोजून देणार असाल तर टाका पाइप."

ते म्हणाले, "तुम्ही लय कडक आहात." मी म्हटलं, हो.

त्यांनी पाइप टाकला. पंप सुरू करायला ते परत गेले तेव्हा मेंढपाळाच्या बायकोने नोटा पुन्हा पिशवीत घातल्या आणि कोणाकडे न बघता म्हणाली, "शिकलेली मानसं." टाकी भरायला चाळीस मिनिटं लागली. मेंढ्या हौदावर अशा तुटून पडल्या की एक आत गेली, तिला आम्ही दोघींनी शिंगाला आणि शेपटाला धरून काढली. तासाभराने कोकरं पिऊन गप्प झाली.

शनिवारचा टँकर मी रद्द केला. गुरुवारी एक टाकी, नंतर रोज दोन, असं सत्तावीस तारखेपर्यंत चाललं. टाकी भरली की मी भिंतीवर कोळशाने रेघ मारायची. शेजारी दोनदा म्हणाले की रेघा कशाला. तिसऱ्यांदा म्हणाले नाहीत.

अठ्ठावीसला सकाळी बिऱ्हाड उठलं. माझ्या पाऊण एकरावर अकरा रात्रींचा थर होता, मला लागेल त्याच्या तिप्पट. शेजाऱ्यांनी जूनमध्ये बाहेरून दोन ट्रॉल्या लेंडीखत विकत आणलं. माझ्याकडे मागितलं नाही, मीही विचारलं नाही. त्या ट्रॉल्या आमच्या फाटकावरून गेल्या तेव्हा मी मुद्दाम बाहेर येऊन उभी राहिले. मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटायला हवी, पण वाटत नाही. ज्या माणसाने ऐकलं आणि उठला नाही, त्याने खरं सांगितलं म्हणून करडं उठत नाहीत. यजमानांचं मत वेगळं आहे. ते शेजाऱ्यांबरोबर पुन्हा चहा पितात, तिकडे जाऊन.

पाण्याचे पैसे मी अठ्ठावीसलाच दिले. मेंढपाळ गेल्यावर दहा वाजता त्यांच्या अंगणात गेले. शेजारी म्हणाले, राहू द्या, आणि आत निघून गेले. मी पडवीच्या पायरीवर बसले. अर्ध्या तासाने त्यांची बायको पदराला हात पुसत बाहेर आली. तिने नोटा घेतल्या, दोनदा मोजल्या, एक फाटकी निघाली ती बदलून मागितली. मी बदलून दिली. तेरा टाक्यांचे तेराशे रुपये, रोख, तिच्या हातात.